आकार आणि आकारणी

तिसरीच्या कुठल्याही वर्गातल्या वह्या चाळल्या तर हे उदाहरण हमखास सापडतं : ५२ वजा २७, उत्तर ३५. बहुतेक वह्यांत त्यावर तांबडी फुली असते. एखाद्या बाई मात्र फुली मारायच्या आधी मुलीला टेबलापाशी बोलावतात आणि विचारतात, "कसं केलंस गं हे?" मुलगी न डगमगता सांगते, "दोनातून सात जात नाहीत ना बाई, मग सातातून दोन घालवले. पाच उरले. आणि पाचातून दोन गेले, तीन."

म्हणजे वजाबाकी तिला येते. दोन्ही घरांतली वजाबाकी तिने बिनचूक केली आहे. अडलंय ते एवढंच, की बावन्नातला पाच म्हणजे पन्नास आणि त्यातला एक दशक सुटा करून शेजारच्या घरात नेता येतो, हे तिला अजून उमगलेलं नाही. फुलीने हे कळलं नसतं. अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यात कळलं, आणि उद्या या मुलीला काय शिकवायचं तेही त्याच अर्ध्या मिनिटात ठरलं.

या अर्ध्या मिनिटाला सरकारी भाषेत आकारिक मूल्यमापन म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण मला तो आवडतो. मुलाच्या शिकण्याला आकार देतं ते आकारिक. याच 'आकार'पासून झालेला दुसरा एक शब्द मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तो म्हणजे आकारणी. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तिचा रकाना असतो. जमीन केवढी, कशी, तिच्यावर सारा किती बसवायचा, त्याचा तो आकडा. गंमत अशी की इंग्रजी 'असेसमेंट'चंही तेच आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात कौतुकाने सांगतात, की या शब्दाचं लॅटिन मूळ 'शेजारी बसणं' असं आहे, म्हणून मूल्यमापन म्हणजे मुलाच्या शेजारी बसणं. मूळ खरं आहे, पण ते बसणं न्यायाधीशाच्या शेजारचं होतं, आणि तिथे बसणारा माणूस कर ठरवायला मदत करायचा. आपला 'परीक्षा' शब्द त्या मानाने निर्मळ. परि अधिक ईक्षा, म्हणजे चोहोबाजूंनी पाहणं.

पाहणं आणि सारा बसवणं, आकार आणि आकारणी, या दोन गोष्टी आपल्या वर्गांत गेली दोनशे वर्षं एकमेकींत अडकून पडल्या आहेत. त्या कुठे एकत्र आल्या आणि त्यांना वेगळं करायचा प्रयत्न कुणी कुणी केला, त्याचा हा मागोवा.

एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची चौकशी सुरू झाली. पुढे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी ते कागद दफ्तरातून काढून छापले. त्यांत सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० मुलांचा हिशेब लागतो. शाळा म्हणजे देवळाची ओवरी नाहीतर कुणाच्या वाड्याची पडवी. पहिली, दुसरी अशा इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती. मूल वर्षातल्या कुठल्याही दिवशी यायचं. त्याच्यापुढे धूळपाटी ठेवली जायची, म्हणजे लाकडी फळी आणि तिच्यावर पसरलेली बारीक पूड. पंतोजी काडीने अक्षर काढून देणार, मूल ते गिरवणार. वळण चुकलं की पंतोजी हात धरून पुन्हा काढून घेणार. अक्षर बसलं की पाटी हलवायची, पूड सपाट, पुढचं अक्षर.

या पाटीकडे मी थोडं थांबून पाहते. तीवर चुकीची खूण राहत नाही. कालचं वाकडं 'क' आज कुणाला दाखवता येत नाही, त्याची बेरीज करता येत नाही, शेजारच्या मुलाच्या 'क'शी तुलना करून क्रमांक लावता येत नाही. तपासणं आणि शिकवणं तिथे एकाच हाताने, एकाच क्षणी होतं. संध्याकाळी परवचा, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ज्याचं अडलं त्याचं सगळ्यांदेखत अडलं, आणि उद्या पुन्हा म्हणायचं.

त्या ओवरीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. तिथे छडी होती, अर्थ न कळता घोकणं होतं, आणि मुख्य म्हणजे मुलींना आणि अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या मुलांना तिथे जागाच नव्हती. ही शेवटची गोष्ट नुसती नोंद करून पुढे जाण्यासारखी नाही. परीक्षेच्या इतिहासात ती पुढे फार मोठं काम करते.

धुळीत गिरवायची ही रीत त्याआधीच इंग्लंडला गेली होती. मद्रासजवळ एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख असताना अँड्र्यू बेल या स्कॉटिश माणसाने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिलं आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, आणि मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायची ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. वाळू तिकडे गेली, पण तिच्याबरोबर बेलने दुसरी एक गोष्टही जोडली. उत्तर चुकलं की मुलाने खालच्या जागेवर जायचं, बरोबर आलं की वर सरकायचं. क्रमांक नावाची चीज वर्गात बसली ती अशी.

आकारणी मात्र खऱ्या अर्थाने आली १८६२ मध्ये. इंग्लंडात रॉबर्ट लो याने शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली लागू केली. मुलागणिक ४ शिलिंग हजेरीचे आणि ८ शिलिंग परीक्षेचे. इन्स्पेक्टर येणार, वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, आणि ज्या विषयात मूल नापास होईल त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापणार. मॅथ्यू अर्नल्ड हा कवी तेव्हा शाळा-इन्स्पेक्टर होता. त्याने आपल्या अहवालांत स्पष्ट सांगितलं, की नीट तयारी करून घेतली तर खरोखर वाचता न येणारी मुलंही या वाचनाच्या परीक्षेत पास करून दाखवता येतात. त्याचं कुणी ऐकलं नाही. उलट हीच रीत १८६० च्या दशकात आपल्या मुंबई इलाख्यात आली, आणि १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांची मदत निकालाशी बांधण्याची शिफारस केली. इंग्लंडात १८९० च्या दशकात ती संपली, आपल्याकडे विसावं शतक उजाडेपर्यंत रेंगाळली.

एका ओळीच्या या नियमाने वर्गात काय केलं ते डोळ्यांपुढे आणून पाहा. आतापर्यंत मुलाचं चुकणं ही मास्तरांच्या कामाची सुरुवात होती. आता ते नुकसान झालं. ज्याचं चुकतं त्याला इन्स्पेक्टरपुढे उभं करण्यापेक्षा त्या दिवशी घरी ठेवणं बरं, असं वाटायला लावणारी ही व्यवस्था होती. आणि तपासणारा बदलला. रोज शेजारी बसणारा माणूस बाजूला झाला आणि वर्षातून एकदा घोड्यावरून येणारा साहेब आला. 'साहेब येणार' म्हटल्यावर शाळेचं अंगण झाडून घ्यायची आपली सवय तेव्हापासूनची आहे.

हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवलं. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याचा काही उपयोग होत नाही, निदान दर तिमाहीला शाळा पाहिली पाहिजे, आणि आगाऊ वर्दी न देता पाहिली पाहिजे, असं त्यांनी सुचवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर सातत्य हवं, आणि सजवलेला दिवस नको, रोजचा वर्ग दिसायला हवा.

पण फुल्यांच्याच चरित्रात परीक्षेची दुसरी बाजूही आहे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळांतल्या मुलींची पुण्यात जाहीर परीक्षा झाली आणि ती पाहायला गर्दी लोटली. मुलींना विद्या येणं शक्य नाही असं मानणाऱ्या शहरासमोर त्या मुली उभ्या राहून वाचत होत्या, उत्तरं देत होत्या. ती परीक्षा म्हणजे पुरावा होता. मास्तरांनी 'हुशार आहे' म्हटल्याने त्या काळी कुणी मानलं नसतं, परक्याने सगळ्यांदेखत विचारलं म्हणून मानावं लागलं. लेखी परीक्षेचा, उत्तरपत्रिकेवर नाव न घालण्याचा, बाहेरच्या परीक्षकाचा आधार ज्यांना वाटला, ते वेडे नव्हते. ज्या मुलाला वर्गात मागे बसवलं जातं त्याला रोज शेजारी बसणाऱ्या डोळ्यांचीच भीती असते. वर्गातल्या मूल्यमापनाची बाजू मांडणाऱ्या आम्हा लोकांनी हे विसरता कामा नये. आम्ही ते बरेचदा विसरतो.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. उत्तीर्ण झालेली मुलं विसाच्या आसपास. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. तिथून पुढे शंभर वर्षं आपल्या समाजाने माणसाची ओळख मॅट्रिक पास, मॅट्रिक नापास आणि व्हर्नाक्युलर फायनल अशी करून दिली. लग्नपत्रिकेपर्यंत ती पोचली. हा आकडा निदान निःपक्षपाती आहे, यावर सगळ्यांचा विश्वास होता.

तो विश्वास किती पोकळ होता हे फिलिप हार्टॉग यांनी दाखवलं. हिंदुस्थानच्या शिक्षणावरची १९२९ ची समिती यांच्याच नावाने ओळखली जाते. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. १९३५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर इंग्लंडातल्या परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. वर्षभराहून अधिक काळ गेल्यावर त्याच उत्तरपत्रिका, आधीचे गुण न दाखवता, त्यांतल्या १४ परीक्षकांना पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णय झाले. त्यांतले ९२ बदलले होते. पास झालेला नापास, नापास झालेला पास, आणि तपासणारा तोच माणूस. ज्या आकड्यावर मुलांनी विहिरी जवळ केल्या, तो आकडा असा हलत होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीने हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमचा आराखडा केला आणि प्रचलित परीक्षापद्धतीवर फार कडक शब्दांत लिहिलं. तिने सुचवलेला तोडगा आजही नवा वाटतो. मुलाला पुढच्या वर्गात घालायचं की नाही ते शिक्षकाने त्याच्या वर्षभराच्या कामाच्या नोंदी पाहून ठरवावं, आणि शाळा नीट चालली आहे का हे सरकारला पाहायचं असेल तर काही निवडक मुलांची नमुना चाचणी घ्यावी. म्हणजे आकार शिक्षकाकडे आणि आकारणी शाळेची, मुलाची नव्हे. दोन्ही गोष्टी एवढ्या स्वच्छपणे वेगळ्या केलेल्या मी कुठल्याही सरकारी कागदात पाहिलेल्या नाहीत.

आणि त्या वर्गात मूल काय करत होतं? टकळीवर सूत काढत होतं. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताच्या चिमटीत टकळीचा दांडा. पिळून सोडली की टकळी फिरते, पेळू मागे ओढत न्यायचा. ओढ जास्त झाली की सूत तुटतं, कमी झाली की गाठाळ येतं. ते कुणी सांगावं लागत नाही, बोटांना कळतं. मग मोजणी. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, ६४० तारांची गुंडी. किती वजनात किती लांबी भरली यावरून सुताचा अंक काढायचा, म्हणजे भागाकार आला. आज किती तार, काल किती, सरासरी किती, म्हणजे आलेख आला. मुलाला काय येतं याचा पुरावा त्याच्याच हातात, आणि तो पुरावा विणून अंगरखाही शिवता येतो. ज्याला आज जगभर अस्सल मूल्यमापन म्हणतात ते याहून फारसं वेगळं नाही.

पण इथेही आकारणी शिरायला वाट होती. सूत विकून शाळेचा खर्च निघावा, ही या योजनेतली एक अपेक्षा. समितीनेच इशारा दिला होता, की पैशाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षकाचं लक्ष मुलाकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडे जाईल. गुंडी मोजताना मूल किती शिकलं ते पाहायचं, की शाळेची कमाई किती झाली ते? मोजणारा हात तोच, नजर बदलली की सगळं बदलतं.

स्वातंत्र्यानंतरचं भराभर सांगते. मुदलियार आयोग (१९५२-५३) आणि कोठारी आयोग (१९६४-६६) या दोघांनीही अंतर्गत मूल्यमापनाची, मुलाच्या सलग नोंदींची शिफारस केली. दोन्ही अहवाल कपाटात नीट लावून ठेवले गेले. तिकडे अमेरिकेत १९६७ मध्ये मायकल स्क्रिव्हन यांनी घडत असतानाचं आणि झाल्यानंतरचं असे मूल्यमापनाचे दोन प्रकार सांगितले, ब्लूम यांनी ते मुलांच्या शिकण्याला लावले. आपले आकारिक आणि संकलित ते हेच. १९८९ मध्ये ग्रँट विगिन्स यांनी अस्सल परीक्षेचा मुद्दा मांडला : जे काम जगात जसं केलं जातं तसंच ते वर्गात करायला द्या आणि ते पाहा. आपल्याकडे नववी-दहावीला 'पाणीपुरवठ्याबाबत तक्रारपत्र लिहा' असा प्रश्न असतो. मूल 'अ. ब. क.' या नावाने, कधीच न पोचणारं पत्र लिहितं. तेच पत्र शाळेतल्या गळक्या नळाबद्दल ग्रामपंचायतीला खरोखर धाडलं, तर मायना, मुद्दा आणि नम्रता तिन्ही कशासाठी असतात ते उत्तर येईल त्या दिवशी कळेल. उत्तर नाही आलं तरी कळेल.

इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन मात्र दर शिक्षकाने ऐकावं असं आहे. काही मुलांना त्यांच्या कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना गुण आणि शेरा दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. कारण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे : पेपर हातात पडला की डोळा आधी आकड्यावर जातो, मग शेजाऱ्याच्या आकड्यावर, आणि पेपर दप्तरात. शेरा वाचायला कुणी उरतच नाही.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा समावेश होता. महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला २० ऑगस्ट २०१० रोजी. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर, अशी साधनं दिली. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. निर्णय मनापासून केलेला होता. तो वाचताना मला वर्ध्याची आठवण येते.

मग रकाने आले. वर्गात चाळीस मुलं आणि आठ विषय धरा. एका सत्राला ३२० खाने, प्रत्येकात वर्णनात्मक नोंद. अनेक बाईंकडे दोन वर्ग, शिवाय पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो.' 'परिसराची माहिती सांगतो.' ते वाक्य चाळीसांतल्या कुणापुढेही लिहिता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. शिक्षकांना यावरून बोल लावणं सोपं आहे. मी लावणार नाही. जी नोंद तपासायला येणारा साहेब फक्त भरली आहे की नाही एवढंच पाहतो, ती नोंद भरलीच जाईल, लिहिली जाणार नाही. रॉबर्ट लो याच्या शिलिंगांचं जे झालं तेच हे. मूल पाहण्याचं साधन शिक्षकाचा हिशेब घेण्याचं साधन झालं.

वरच्या इयत्तांत तर आकडेच बोलतात. दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण २०१९ च्या परीक्षेत बंद केले. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी गुण परत आले. या सगळ्या चर्चेत मुलाला चार माणसांत उभं राहून बोलता येतं का, हा प्रश्न कुठेच नव्हता. ते वीस गुण खरं तर त्यासाठी होते. २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षा झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला : ९९.९५ टक्के. ज्या आकड्यावर मुलाचा प्रवेश टांगलेला आहे तो आकडा द्यायला शिक्षकाला सांगितलं, तर तो दया दाखवणार. मीही दाखवीन. म्हणून प्रवेशाची आकारणी त्याच्या हातात देऊ नये आणि आकार देणं त्याच्या हातातून काढू नये, एवढं साधं आहे हे. वर्ध्याच्या समितीला ते १९३७ मध्येच कळलं होतं.

२०१९ मध्ये शिक्षणहक्क कायदा बदलला, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षा परत आणल्या. त्याच काळात दिल्लीहून समग्र प्रगतिपत्रक आलं, ज्यात मुलाने स्वतःबद्दल, सोबत्याने आणि पालकांनीही लिहायचं आहे. कल्पना चांगली आहे. त्यात चौकटी आणि टिकमार्क किती असतील, आणि कोरी जागा किती, त्यावर तिचं पुढे काय होणार ते ठरेल.

सुरुवातीच्या त्या बाईंनी पुढे काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी मुलीसमोर काड्यांचे पाच गठ्ठे ठेवले, प्रत्येकात दहा, आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." मुलीने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या काड्या दिल्या, आणि थबकली. थोडा वेळ बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मग तिने तिसऱ्या गठ्ठ्याचा रबर काढला, पाच काड्या मोजून दिल्या, आणि उरलेल्या पुढ्यात घेऊन मोजत बसली. पंचवीस. वहीतल्या पस्तिसाकडे पाहून तिने स्वतःच खोडरबर मागितलं. बाईंनी नोंदवहीत तारीख घालून लिहिलं : 'गठ्ठा स्वतः सोडला. कागदावर अजून नाही. गुरुवारी पुन्हा, ६३ वजा २८.'